न पेरलेला मका

वाफसा आला तसे पेरणीयंत्राचे फण सगळ्यांच्या शेतात उतरले. यांच्या शेतात तेवढे उतरले नाहीत, आणि यंत्र चालवणारा तर याच घरचा.

सकाळपासून त्यानं सहा शेतं पेरून काढली होती. दुपारी स्वतःच्या बांधावरून ट्रॅक्टर आत घातला, खटका ओढला, तर फण जागचे हलेनात. तो खाली उतरला. नळीत काडी घालून पाहिली, तेल पाहिलं, कडेच्या फणाला एक लाथ घातली. मग वर चढून पडद्यावर पाहिलं. तिथं लिहिलं होतं: पीक उभे आहे. पीक मका. वय चार दिवस.

बायको डबा घेऊन बांधावर उभी होती. तिनं काय झालं म्हणून विचारलं.

"आपला मका उगवलाय," तो म्हणाला.

ती हसली. त्याला हसू आलं नाही. समोर कुळवून ठेवलेली काळी जमीन पडली होती, ढेकूळसुद्धा शोधावं लागेल अशी. ट्रॅक्टर खात्याचा होता. उभ्या पिकात तिसऱ्यांदा खटका ओढला की चालकावर ठपका यायचा. त्यानं ट्रॅक्टर मागं घेतला, पण वळवला नाही. आत आलेल्या चाकोरीतूनच मान मागं करून हळूहळू बाहेर काढला, कोवळे कोंब चाकाखाली यायला नकोत म्हणून जपावं तसा. बायकोनं ते पाहिलं.

घोळ कुठं झाला ते शोधायला लांब जावं लागलं नाही. तो घरातच होता, दारात बसून सुतळी वळत होता.

चार दिवसांमागं खात्याची एक मुलगी गळ्यात पडद्याची पाटी अडकवून दारोदार नोंद करत आली होती. शेत सासूच्या, म्हणजे त्याच्या आईच्या नावावर, म्हणून तिनं सासूलाच विचारलं की शेत रिकामं आहे का. आता या म्हातारीला बाकी काहीही विचारावं. रिकामं हा शब्द ती तोंडातून काढायची नाही. गाडग्यातलं धान्य सरलं तर ती म्हणायची, गाडगं धुऊन ठेवलंय. खिशात काही नसलं तर खिसा शिवायला टाकलाय. लग्न होऊन बारा वर्षं झाली, सुनेची कूस उजवली नाही. शेजारच्या बायकांनी आडून विचारलं, समोरून विचारलं, आणि दरवेळी सासूनं एकच उत्तर दिलं की आमचं घर भरलेलं आहे. ते ऐकायला सून आतल्या दाराशी उभी असायची.

त्या मुलीलाही म्हातारीनं तसंच सांगितलं होतं, "आमचं शेत रिकामं नसतं."

मुलीनं ते लिहून घेतलं. पुढचा प्रश्न कोणतं पीक, पण तो विचारायची गरज नव्हती. पाटीवर यंदा एकच पीक उघडत होतं.

सुनेला सासूवर रागवायचं होतं. तोंड उघडलंही तिनं, पण त्या वाक्याच्या आडोशाला ती स्वतः बारा वर्षं उभी होती. ती चहा टाकायला आत गेली.

खात्याच्या कचेरीत जे साहेब बसायचे त्यांना गावानं अंदाजे साहेब असं नाव ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता. बसा म्हणायचा, पंखा तुमच्याकडे वळवायचा, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात अंदाजे म्हणून करायचा. नवरा-बायको दोघं गेली. साहेबांनी सगळं ऐकलं आणि सांगितलं की नोंद आता त्यांच्याही हातात नाही. बांधावरचा कॅमेऱ्याचा खांब रोज शेत पाहतो, तो पाहतो ते वर जातं, आणि वर सगळ्या शेतांची बेरीज होऊन धोरण ठरतं. यंदा धोरण मक्याचं, कारण मक्यापासून गाड्यांचं तेल काढायचे कारखाने निघालेत. दोन वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे खायचं तेल महागलं होतं तेव्हा सोयाबीनचं होतं. त्याच्याआधी कापसाचं.

नवऱ्यानं विचारलं, पण खांबाला दिसत नाही का, की तिथं माती आहे?

साहेब म्हणाले, "अंदाजे दिसतं. काचेवर धूळ बसते, ऊन येतं. मग न दिसलेलं यंत्र नोंदीवरून भरून काढतं."

उठताना त्यांनी धीर दिला. मक्याला पाणी सुटेल, खत मिळेल, काही काळजी करू नका. नोंद बदलायचीच झाली तर मालकाला इथं यावं लागेल. बाकी फोनवर हो-नाही काय, घरातल्या कुणीही सांगितलं तरी चालतं.

परत येताना सुनेनं ठरवलं की ज्वारी टोकायची. ज्या पिकाला खातं पीक म्हणतं ते आपल्या शेतात नाही, मग ज्याला म्हणत नाही ते तरी असू दे.

ही ज्वारी सासूच्या माहेरची. ठेंगणी, टपोऱ्या दाण्याची, कणीस लाजल्यासारखं वाकलेलं. गावात आता कुणाकडे नव्हती. राखेत घोळून एका गाडग्यात ठेवली होती. मागची दोन वर्षं शेतात खात्याचं सोयाबीन होतं, त्यामुळे तिची पाळी आली नव्हती. तीन वर्षांचं बी निम्मं उगवतं. चौथ्या वर्षी उगवत नाही. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही, हे दोघींना न बोलता माहीत होतं.

दोघींनी पाच दिवस टोकण केली. सून पुढं टोकदार काठीनं भोक पाडायची, सासू मागून चिमटीनं दोन दाणे टाकून टाचेनं माती लोटायची. दुसऱ्या दिवशी म्हातारीची कंबर धरली, तेव्हा ती बसून सरकू लागली. लुगड्याचा मागचा भाग मातीनं काळा झाला. नवरा दिवसभर लोकांची शेतं यंत्रानं पेरायचा आणि उन्हं उतरली की येऊन तास-दोन तास भोकं पाडायचा. यंत्राच्या सवयीनं तो एका जागी थांबायचाच नाही, त्यामुळे त्याची भोकं लांब लांब पडली.

पाचव्या दिवशी गाडगं पालथं घातलं. म्हातारी म्हणाली, "धुऊन ठेव."

तेव्हाच फोन वाजला. बाईच्या आवाजात, मायेनं बोलावं तसं कुणीतरी बोललं. तुमचा मका दहा दिवसांचा झाला. विरळणी करा. केली असल्यास हो म्हणा.

सुनेनं फोन पदरात गुंडाळला. आतून तो हो म्हणा, हो म्हणा असं म्हणत राहिला.

ज्वारी उगवली. निम्मी उगवेल म्हटलं होतं, त्याच्याहून थोडी जास्तच. सून रोज खुरपं घेऊन जायची. पण शेतात काहीतरी बदललं होतं, आणि ते बदलणारी माणसं होती.

सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन येणाऱ्या बायका पूर्वी शेतातून आडव्या जायच्या, पायवाटच होती. आता त्या बांधाबांधानं वळसा घालू लागल्या. एकीला सुनेनं हाक मारून विचारलं, तर ती म्हणाली, "उभ्या पिकातून कशाला जायचं बाई." आणि हातानं समोरचं काहीतरी बाजूला करावं तसा हात केला. शेजाऱ्याची शेळी आत शिरली तर त्यालाच नोटीस आली, मका खाल्ल्याची. शेजारी नोटीस घेऊन आला. शेळीचं पोट किती असतं, असं म्हणत हसला, पण शेळीला त्यानं नंतर बांधूनच ठेवलं. दूधही कमी दिलं म्हणे तिनं. मका बाधला असेल, असं त्याची बायको म्हणाली.

फोनचा आवाज दर तीन दिवसांनी यायचा. तुमचा मका गुडघ्याला लागला. तुमचा मका मांडीला लागला. ज्वारी अजून वीतभर होती.

एका दुपारी नवऱ्यानं फोनवर चित्र दाखवलं. चालकांना पाहता यायचं, खांबानं काढलेलं. यांचंच शेत होतं, पलीकडचं झाड, विहिरीचा कठडा, सगळं जागच्या जागी. मधे सलग हिरवागार मका, पानांना ऊन लागलेलं. आणि मक्यात एक बाई उभी होती. तिचं डोकं, खांदे आणि खुरपं धरलेला हात एवढंच दिसत होतं. बाकीची ती पानांत होती.

"ही मी आहे," सून म्हणाली.

नवरा म्हणाला, हो.

तिनं नीट पाहिलं. पदराचं ठिगळ तेच. कालच्या दुपारचं चित्र. काल ती त्या जागी ज्वारीतलं गवत काढत होती आणि तिच्या पायापासून डोक्यापर्यंत नुसतं ऊन होतं. तिनं विचारलं की आई कुठाय, आई तर माझ्या शेजारी बसली होती. नवऱ्यानं चित्र मोठं केलं. तिथं मक्याची पानं होती. बसलेल्या माणसाच्या वर मका कधीच गेला होता.

म्हातारीला त्यांनी ते दाखवलं नाही. तिनं मागून पाहिलंच. "बरं झालं," ती म्हणाली, "कुणाची नजर नको लागायला." पण दुसऱ्या दिवशी ती शेतात काठी घेऊन गेली आणि दिवसभर उभी राहिली. दुपारी सून म्हणाली, बसा जरा. म्हातारी म्हणाली, मी बसले तर तुला दिसेन ना? सून हसली. मग तिच्या लक्षात आलं की म्हातारी उत्तराची वाट पाहतेय.

सुनेलाही तसं होऊ लागलं होतं. ओळीतून चालताना ती अंग चोरायची. एकदा गालावर काहीतरी ओरखडल्यासारखं झालं, मक्याच्या पात्याची धार लागावी तसं. घरी येऊन तिनं आरशात पाहिलं. काही नव्हतं. तरी तेल लावलं.

चाळिसाव्या दिवशी फोन म्हणाला, तुमच्या मक्यात तण आढळले आहे. बुटके, ओळीत नसलेले. मंगळवारी सकाळी तणनाशकाची फवारणी होईल. अभिनंदन, तुमची नोंदणी मोफत आहे.

नवऱ्यानं सांगितलं ते असं. ड्रोन येतो, मक्याला काही होत नाही, बाकीचं सगळं आठवड्यात पिवळं पडून मरतं. माणूस दिसला तर ड्रोन दहा पावलं लांब राहतो, तसा नियमच घातलाय त्यात. पण मंगळवारी मका पुरुषभर असेल. त्यातलं माणूस त्याला दिसायचं नाही.

त्या संध्याकाळी कुणी जेवलं नाही. म्हातारी धुतलेलं गाडगं मांडीवर घेऊन बसली होती, बोटानं कडा पुसत. मग तिनं स्वतःच विचारलं की कचेरी किती वाजता उघडते.

सोमवारी तिघं गेली. अंदाजे साहेबांनी पंखा वळवला. भिंतीत बसवलेल्या यंत्रासमोर म्हातारीला स्टुलावर बसवलं आणि समजावलं की नाव सांगायचं आणि नोंद काय ती आपल्या तोंडानं सांगायची, मोठ्यानं. म्हातारीनं पदर सारखा केला. नाव सांगितलं. मग थांबली. खोलीत आणखी चारपाच माणसं होती, ती आपापल्या कागदांत पाहत होती. सुनेनं तिचा हात धरला. हात गार होता आणि त्याला राखेचा वास होता.

"माझं शेत रिकामं आहे," म्हातारी म्हणाली.

आवाज अगदी खणखणीत आला. सत्तर वर्षं न वापरलेला, कोराच राहिलेला शब्द, गंज कुठला चढायला.

यंत्रानं थोडा वेळ घेतला. मग तोच मायाळू आवाज म्हणाला, आपलं विधान आपल्या पिकाशी जुळत नाही. मका पाच फूट दहा इंच. कृपया शेतात जाऊन पाहून या.

साहेबांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. त्यांनी कपाळ पुसलं. अंदाजेसुद्धा म्हणाले नाहीत. म्हातारी स्टुलावरून उठली. घराजवळ आल्यावर सुनेला एवढंच म्हणाली, "बोलायला नको होतं गं. बोललं आणि वायाही गेलं."

सून सरळ गोठ्याकडे गेली. तिथं जुन्या माचणीची लाकडं पडली होती, पाखरं राखायची माचण. पाखरं राखणं बंद झाल्यापासून त्यावर खताच्या पिशव्या होत्या. तिनं पिशव्या खाली ओढल्या. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि दोर शोधायला गेला. तो यंत्राचा माणूस. किती उंच हवं ते त्याला लगेच कळलं. अंधार पडायच्या आत त्यांनी शेताच्या मधोमध चार खांब रोवले, आडवी लाकडं बांधली, वर फळ्या टाकल्या. नवरा खाली उभा राहून हात वर करून माप घेत होता. "एवढा मका," तो म्हणाला, "आणखी दोन हात वर जाऊ दे." रिकाम्या हवेला माप लावताना त्याला काही वाटलं नाही, आणि तिलाही नाही.

मंगळवारी उन्हं वर आल्यावर म्हातारी शिडी चढू लागली. दोघांनी नको म्हटलं. शेत माझ्या नावावर आहे, असं तिनं सुनावलं. शिडीला सात पायऱ्या होत्या, प्रत्येकीवर तिनं दम खाल्ला. सून मागून तिच्या टाचा धरत चढली. वर दोघी पाय सोडून बसल्या. नवरा कामावर गेला होता. त्याला जावंच लागलं, ड्रोनच्या टाकीत औषध भरायचं काम त्या दिवशी त्याच्याकडेच होतं.

वरून शेत नीट दिसत होतं. वाऱ्यानं ज्वारी हलत नव्हती, फार लहान होती. तरी सळसळ ऐकू येत होती. उंच पानांची, खडखडीत. सुनेनं शेजारच्या शेताकडे पाहिलं. तिथला मका खरा होता, आणि निश्चल उभा होता.

"ऐकू येतंय का?" तिनं विचारलं.

"मला कमी ऐकू येतं," म्हातारी म्हणाली. मग थोड्या वेळानं, "येतंय."

ड्रोन बांधावरून आला. घोंगावत, खाली मान घालून, एका कडेनं फवारत. प्रत्येक फेरीला तो ज्वारीपासून पुरुषभर उंचीवरून जायचा, नसलेल्या तुऱ्यांना धक्का न लावता. फेऱ्या जवळ येत गेल्या. औषधाचा गोडसर वास वर आला. म्हातारीनं पदर नाकाला लावला, मग काढला आणि हातात घेऊन हलवू लागली, पाखरं हाकलतात तसा. ड्रोन समोर येऊन अधांतरी थांबला. त्याच्या काचेत दोघी दिसत होत्या, एवढ्याएवढ्या. बराच वेळ तो पाहत राहिला. त्याला काय दिसत होतं कुणास ठाऊक, मक्यावर बसलेल्या दोन बायका असतील. मग तो बाजूला सरकला आणि माचणीला दहा पावलांचा वळसा घालून पुढे निघून गेला.

आठ दिवसांत सगळं शेत वाळून भुरं झालं. मधे माचणीभोवती गोल हिरवा राहिला, ताटात चटणीएवढा. नवरा चार दिवस मान वर करून बोलला नाही. पाचव्या दिवशी सुनेनंच त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि सांगितलं, टाकी भरताना औषध कमी पडलं असतं तर नोकरी गेली असती, आता जेवा.

त्या गोलाला दोघींनी जपलं. कणसं धरली. गावात मक्याशिवाय काही नव्हतं, त्यामुळे दाणे दुधात आल्याबरोबर सगळ्या गावाची पाखरं तिथं उतरली. सून गोफण घेऊन माचणीवर बसू लागली. खालून जाणारे वर पाहायचे आणि म्हणायचे, मका बाकी जोरात आहे तुमचा.

मग कापणीयंत्र आलं. त्याचे दाते मात्र यांच्या शेतात लगेच खाली उतरले. नवऱ्यानं ते चालवलं, एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत, वाळलेल्या मातीवरून, गोलाला वळसा घालून. पडद्यावर टाकी भरत गेली. बांधावर बघे जमले होते. कुणी हसलं नाही. शेजारी तर टोपी काढून उभा होता. संध्याकाळी घरी आल्यावर नवऱ्यानं सदरा काढून दारात झटकला, कापणीच्या दिवसांत रोज झटकायचा तसा. बायकोनं खाली काय पडलं ते पाहिलं नाही.

फोननं उताऱ्यासाठी अभिनंदन केलं. या भागात त्यांचा मका पहिला आला होता. पण त्याच आठवड्यात कळलं की सगळीकडून मिळून मका इतका झालाय, नोंदीत, की कारखान्यांनी भाव पाडला आणि वरचं धोरण बदललं. शेजारी कट्ट्यावर म्हणाला, पूर्वी भाव पडला की धोरण बदलायचं, आता दोघं हातात हात घालूनच विहिरीत उडी मारतात. उठता उठता त्यानं हळूच सुनेला सांगितलं की त्याच्या खालच्या तुकड्यातही यंदा यंत्राचे फण उतरले नव्हते. आम्ही आपलं कुणाला बोललो नाही, तो म्हणाला. असे किती होते ते कुणी कुणाला विचारलं नाही.

ज्वारी गाडगंभर झाली. वर चार ओंजळी उरल्या. सून दारात बसून दाणे राखेत घोळत होती आणि सासू गाडग्यात भरत होती, तेव्हा फोन वाजला. नवरा पायरीवर पाय धूत होता. तिघांनीही हात थांबवले.

यंदा सूर्यफूल, असं त्या मायाळू आवाजानं सांगितलं. मग विचारलं, आपलं शेत रिकामं आहे का? हो किंवा नाही म्हणा.

हो म्हटलं तर उद्या फण उतरणार, बांधापासून बांधापर्यंत, आणि ज्वारीला पुन्हा दोन वर्षं जागा नाही. सुनेनं सासूकडे पाहिलं. म्हातारीनं ओठ घट्ट मिटले होते. त्या सोमवारी कचेरीत म्हटलेला शब्द अजून तिच्या तोंडात होता. तिनं राखेच्या बोटानं फोन सुनेकडे सरकवला.

"तू सांग," म्हातारी म्हणाली. "आता तुझं घर."

सुनेनं फोन उचलला. बारा वर्षं तिनं ते वाक्य दाराआडून ऐकलं होतं, कधी स्वतः बोलली नव्हती.

"आमचं शेत रिकामं नसतं," ती म्हणाली.

धन्यवाद, आवाज म्हणाला. पीक सूर्यफूल. वय एक दिवस.

तिनं फोन खाली ठेवला आणि गाडग्याचं तोंड फडक्यानं बांधलं. गाठ पक्की झाली का ते पाहिलं. मग नवऱ्याला विचारलं, "सूर्यफूल केवढं वाढतं हो?"

नवऱ्यानं ओला हात डोक्याच्या वर नेला. थोडा विचार केला, आणि आणखी वीतभर वर नेला.